बॉयलर पेटला, मग मोळी का पडत नाही?



दसऱ्याच्या सुमारास कारखान्यावर बॉयलर अग्निप्रदीपनाचा कार्यक्रम होतो. पूजा होते, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, आणि दुसऱ्या दिवसापासून गट ऑफिसात एकच प्रश्न सुरू होतो, "बॉयलर तर पेटला, मग मोळी कधी टाकता?" ओतूर असो, बेल्हे असो, मंचर असो की कळंब, प्रश्न तोच. ज्याच्या आडसाली उसाला तुरा डोकावू लागला आहे त्याला तर एकेक दिवस जड जातो, हे आम्ही जाणतो.

हल्ली त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. आपल्या जुन्नर-आंबेगावची पुष्कळ मुले चाकणच्या कारखान्यांत नोकरीला आहेत. तिकडे गॅसवर चालणारे बॉयलर असतात. मुलगा सुट्टीला घरी येतो आणि सांगतो, "आमच्याकडे बटण दाबले की बॉयलर आपोआप पेटतो, लागेल तेवढी आग आपली आपण ठेवतो, शेजारी भुसा ढकलायला माणूस नाही." मग वडील आम्हांला विचारतात, की तुमचेच घोडे काय अडते? प्रश्न रास्त आहे. सभासद हा कारखान्याचा मालक आहे, आणि मालकाला आपली भट्टी कशी पेटते व कशी चालते हे ठाऊक असले पाहिजे. म्हणून इंजिनिअरिंग खात्यातर्फे आम्ही हा लेख लिहीत आहो.

आधी त्या गॅसच्या बॉयलरचे पाहू, म्हणजे आपला समजणे सोपे जाईल.

बटण दाबले की लगेच ज्योत पेटते, असे तेथेही होत नाही. बटण दाबल्यावर पहिल्यांदा फक्त पंखा फिरतो. भट्टीत कुठे गळलेला गॅस साचला असेल तर तो धुराड्यातून बाहेर घालवायचा, म्हणून नुसती हवा मारतात. साचलेल्या गॅसला ठिणगी लागली तर काय होते ते घरच्या सिलिंडरवरून आपल्या मायबहिणींना सांगायला नको. हवा मारून झाली की एक छोटी ज्योत पेटते. तिच्यावर एक 'डोळा' रोखलेला असतो. ज्योत दिसली तरच तो मोठ्या गॅसचा व्हॉल्व्ह उघडू देतो, नाही दिसली तर काही सेकंदांत सगळे बंद. मोठी ज्योतही आधी मंद लावायची, मग हळूहळू चढवायची.

आता 'लागेल तेवढी आग आपली आपण' हे कसे होते? बॉयलरवर दाब मोजणारे यंत्र असते. वाफेचा दाब ठरल्यापेक्षा कमी झाला की ते एका छोट्या मोटरीला हुकूम देते, मोटर गॅसचा व्हॉल्व्ह थोडा जास्त उघडते आणि त्याच मापात हवेचे झडपही उघडते. दाब वाढला की दोन्ही मागे घेते. पूर्वीचे साधे बर्नर एक तर पूर्ण पेटत किंवा पूर्ण विझत. त्यात उगीच गॅस जाई आणि नळ्यांना ताण बसे. हा नवा प्रकार ज्योत सतत कमी-जास्त करीत राहतो.

पण गॅस आणि हवा यांचे माप कोणी बसवायचे? ते माणसालाच बसवावे लागते. बसवणारा मेकॅनिक धुराड्यात नळी घालून धुरातला ऑक्सिजन मोजतो. मंद आगीवर मोजतो, अर्ध्या आगीवर मोजतो, पूर्ण आगीवर मोजतो, आणि प्रत्येक ठिकाणी हवा जुळवतो. गॅसला धुरात साधारण ३ टक्के ऑक्सिजन उरला म्हणजे बरे मानतात. त्याहून फार कमी झाला तर गॅस अर्धवट जळून विषारी वायू होतो. फार जास्त झाला तर फुकटची हवा तापवून धुराड्यातून सोडल्यासारखे होते. एकाच ठिकाणी माप बसवून जो मेकॅनिक घरी जातो त्याचे काम कच्चे समजावे. पूर्ण आगीवर छान जळणारा बर्नर मंद आगीवर काजळी धरू शकतो.

एवढे लक्षात ठेवले की आपल्या बॉयलरकडे वळता येते. तत्त्व तेच आहे, जळण मात्र निराळे आहे.

आपले जळण

ऊस गाळला की त्याच्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्के बगॅस निघतो. आपण त्याला भुसा म्हणतो. या बगॅसमध्ये जवळजवळ निम्मे पाणी असते. म्हणजे एक किलो भुसा भट्टीत टाकला तर अर्धा किलो पाणीच टाकले! ते पाणी आधी उडवायचे, आणि ते उडवण्यात गेलेली उष्णता धुराड्यातून वर जाते, आपल्या हाती लागत नाही. म्हणून चांगला गॅसचा बॉयलर जळणातली ८० टक्क्यांहून अधिक उष्णता वाफेत उतरवतो, तर बगॅसचा चांगला बॉयलर ७० टक्क्यांच्या आसपास उतरवतो. ही उणीव फायरमनची नाही, भुशातल्या पाण्याची आहे.

मात्र गॅस विकत आणावा लागतो आणि भुसा उसाबरोबर येतो. साखर कारखाना हा धंदा उभा राहू शकतो तो मुळात याच गोष्टीवर. गिरण्या फिरवायला, रस आटवायला, पॅनमध्ये साखरेचा दाणा धरायला, वीज करायला जी वाफ लागते ती उसाच्याच चोथ्यातून निघते.

ज्यांनी गुऱ्हाळ पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. चुलवाणात चिपाड घालणारा माणूस काहिलीकडे डोळा ठेवून असतो. रस उतू जाऊ लागला की जाळ आवरतो, मळी काढून झाली की पुन्हा वाढवतो, आणि पाक चिक्कीला येऊ लागला की गुळव्याच्या एका शब्दावर आग ओढून घेतो. चाकणच्या बर्नरवरची ती छोटी मोटर जे काम करते तेच काम हा माणूस पिढ्यान् पिढ्या करीत आला आहे. फरक एवढाच, की काहिलीतला रस फार तर उतू जातो, बॉयलर मात्र फुटतो.

पेटवण्याआधी

उसाचा हंगाम संपला की बॉयलर थंड करून उघडतात. आतल्या नळ्यांवरची राख झाडतात, झिजलेल्या नळ्या बदलतात, पाण्याच्या बाजूचा क्षार पाहतात. उसाबरोबर आलेली माती आणि वाळू भुशातून भट्टीत जाते आणि धुराच्या झोताबरोबर नळ्यांना पॉलिश कागदासारखी घासत राहते. नळीची जाडी दरसाल मोजतात ती यासाठी. त्यानंतर बॉयलरमध्ये काठोकाठ पाणी भरून, कामाच्या दाबापेक्षा जास्त दाब देऊन, सरकारी बॉयलर निरीक्षकांसमोर परीक्षा होते. त्यांचा दाखला असल्याशिवाय कोणालाही बॉयलर चालवता येत नाही.

हा कायदा उगीच आलेला नाही. १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे गेली, त्यावरून १८६४ साली बंगालमध्ये तपासणीचा कायदा झाला. पुढे १९२३ साली सबंध देशासाठी भारतीय बॉयलर कायदा आला. तो शंभर वर्षे चालला आणि २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा बॉयलर कायदा आला. तपासणी, दाखला आणि परीक्षा पास झालेला बॉयलर अटेंडंट, या गोष्टी तेव्हाही सक्तीच्या होत्या, आजही आहेत. पाण्याचा एक लिटर उघड्यावर उकळून वाफ झाला तर सुमारे १,६०० पट फुगतो. बॉयलरच्या पोटात असे कित्येक टन पाणी उकळबिंदूच्या पुष्कळ वर तापलेले, दाबून धरलेले असते. आमचे लोक कागदपत्रांच्या बाबतीत एवढे काटेकोर का असतात ते यावरून समजावे.

अग्निप्रदीपन झाले, पुढे काय?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. समारंभाच्या दिवशी जी आग लावतात ती लाकडाची, आणि अगदी लहान असते. चार महिन्यांचा आपल्याकडचा पावसाळा म्हणजे काय ते जुन्नरकरांना सांगायला नको. भट्टीच्या आतले विटांचे अस्तर त्यात ओल धरते, शिवाय दुरुस्तीत नवे बांधकाम झालेले असते. एकदम जाळ केला तर विटांतल्या पाण्याची वाफ होऊन अस्तर तडकते, ढेपे सुटतात. म्हणून आधी लाकडावर मंद आच ठेवून, कामाप्रमाणे एक-दोन दिवस किंवा त्याहून जास्त, भट्टी वाळवतात. नवे घर बांधल्यावर चूल पेटवण्याची घाई जशी कोणी करीत नाही तसे समजा.

नळ्या नव्या बसवल्या असतील तर त्यांच्या आतले तेल व गंज काढायला क्षार घालून पाणी मंद आचेवर उकळतात, ते घाण पाणी सोडून देतात, पुन्हा स्वच्छ पाणी भरतात. त्यात आणखी वेळ जातो.

मग खरा दाब चढवायचा. ड्रममध्ये पाणी नेहमीच्या खुणेपेक्षा थोडे कमी भरतात, कारण तापले की ते फुगते. वरचा हवेचा व्हॉल्व्ह उघडा ठेवतात, म्हणजे आत कोंडलेली हवा निघून जाते. गॅसच्या बॉयलरप्रमाणेच येथेही आधी धूर ओढणारा पंखा आणि हवा देणारा पंखा चालवून भट्टी मोकळी करून घेतात. भट्टीत अर्धवट जळलेल्या भुशाचा वायू साचला आणि अचानक पेटला तर दारातून ज्वाळा बाहेर येते. म्हणून समारंभाला येणाऱ्या मंडळींना हात जोडून विनंती, की भट्टीच्या दारासमोर गर्दी करू नये. फोटो बाजूने काढला तरी चांगला येतो.

आग वाढवायची ती जपून. वाफेचा दाब आणि तिची उष्णता यांची जोडी पक्की असते. साध्या दाबाला पाणी १०० अंशाला उकळते. २१ किलो दाबाच्या जुन्या बॉयलरमध्ये ते सुमारे २१६ अंशाला उकळते, ६७ किलोला सुमारे २८३ अंशाला, आणि ८७ किलोला जवळजवळ ३०० अंशाला. म्हणजे दाब चढवणे याचा अर्थ जाड पत्र्याचा तो प्रचंड ड्रम ३० अंशांपासून ३०० अंशांपर्यंत तापवणे. पत्रा आतून लवकर तापतो, बाहेरून सावकाश. आतला भाग फुगतो, बाहेरचा धरून ठेवतो. हा ताण सोसण्यापुरता राहावा म्हणून तासाला साधारण ५० अंशांपेक्षा जास्त वेगाने तापवायचे नाही असा दंडक आहे. आता हिशेब करा, २७० अंश चढायला तासाला ५० प्रमाणे साडेपाच तास गेले. हे सगळे सुरळीत चालले तर. मध्ये कुठे सांधा गळला, पॅकिंग बदलावे लागले, की थांबा, थंड करा, पुन्हा सुरू करा.

या काळात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांचा एक जुडगा भट्टीच्या वरच्या अंगाला असतो. त्या नळ्यांना थंड ठेवणारी वस्तू म्हणजे त्यांतून वाहणारी वाफ. गिरणी बंद, टर्बाइन बंद, मग वाफ वाहणार कुठे? म्हणून पेटवताना त्या नळ्यांच्या शेवटचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून वाफ आकाशात सोडतात. पुष्कळ सभासद ती पांढरी शिट्टी पाहून म्हणतात, "बघा, वाफ वाया चालली!" ती वाया जात नसून नळ्या वाचवते.

दाब चढला की सेफ्टी व्हॉल्व्ह ठरल्या दाबाला उडतात की नाही हे पाहतात. नंतर वाफेचे मोठे पाइप तापवायचे. थंड पाइपात एकदम वाफ सोडली तर तिचे पाणी होते, ते पाणी वाफेच्या वेगाने पुढच्या कोपऱ्यावर हातोड्यासारखे आदळते आणि सांधे फोडते. म्हणून पाणी निघून जाण्याचे छोटे नळ उघडे ठेवून मुख्य व्हॉल्व्ह अगदी सुताएवढा उघडतात. त्यानंतर टर्बाइन. तेही तासन् तास तापवून, हळूहळू वेगावर आणायचे. आपली वीज तयार होऊ लागली, गिरणीची रिकामी चाचणी झाली, म्हणजे मग मोळी. शिवाय शासनाचा गाळप परवाना आणि हंगामाची ठरलेली तारीख असते ती वेगळीच. तेव्हा अग्निप्रदीपन आणि मोळी यांत जे दिवस जातात ते ढिलाईचे नसतात, हे मनात असू द्यावे.

आग कमी-जास्त करण्याची विद्या

पेटवणे वर्षातून एकदा, पण जुळवणे मात्र रोजचे, घडीघडीचे. गॅसचा व्हॉल्व्ह अर्धा मिलिमीटर फिरवला की ज्योत त्याच क्षणी बदलते. भुशाचे तसे नाही. फीडरचा वेग वाढवला, भुसा पडला, त्यातले पाणी उडाले, मग तो पेटला, मग वाफ वाढली. यात वेळ जातो. त्यात आत्ताचा भुसा कोरडा आणि पुढचा ओला असे असते. तेव्हा फीडरचा वेग सारखा असला तरी आग सारखी राहत नाही.

आजच्या बॉयलरवर हे काम कंट्रोल रूममधले यंत्र करते. मुख्य पाइपातला दाब पाहून ते फीडरचा वेग ठरवते, त्या मापात हवा वाढवते, आणि धूर ओढणारा पंखा असा चालवते की भट्टीत बाहेरच्यापेक्षा किंचित कमी दाब राहील, म्हणजे ज्वाळा बाहेर न येता हवा आत ओढली जाईल. येथे एक नियम कधी मोडायचा नाही. आग वाढवताना आधी हवा वाढवायची, मग भुसा. आग कमी करताना आधी भुसा कमी करायचा, मग हवा. उलटे केले तर मधल्या वेळात भुसा हवेवाचून घुसमटतो आणि काळा धूर निघतो.

यंत्राला दोन गोष्टी शिकवाव्या लागतात. दाब एक किलोने उतरला तर एकदम किती जोर करायचा, ही एक. आणि दाब थोडासाच खाली रेंगाळत राहिला तर किती वेळ पिच्छा पुरवायचा, ही दुसरी. जोर फार ठेवला तर यंत्र घाबरट माणसासारखे वागते. दाब उतरला की भसकन भुसा टाकते, तो सगळा एकदम पेटतो, दाब वर जातो, मग ते भुसा तोडते, दाब पुन्हा कोसळतो. बॉयलर पाळण्यासारखा झोके घेतो. जोर फार कमी ठेवला तर पॅनवाल्यांनी वाफ ओढली तरी बॉयलर झोपलेलाच. ही जुळवणी हंगामाच्या सुरुवातीला करावी लागते, कमी भारावर, मध्यम भारावर आणि पूर्ण भारावर. चाकणच्या मेकॅनिकचे तीन ठिकाणचे माप आणि आमचे हे एकच होय. आमच्या मते नव्या यंत्राबरोबर जुना फायरमन शेजारी बसलेला असावा. यंत्र दाब पाहते, तो आगीचा रंग पाहतो आणि मूठभर भुसा हातात दाबून ओल सांगतो.

पाण्याची पातळी हा तर निराळाच खेळ आहे. गिरणीने एकाएकी जास्त वाफ ओढली की ड्रममधला दाब उतरतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात, आणि काचेत पातळी वर गेलेली दिसते. प्रत्यक्षात पाणी कमी होत असते! दूध उतू येताना पातेले भरलेले दिसते, दूध काही वाढलेले नसते, तसेच हे. नुसत्या काचेवर भरवसा ठेवून पाणी तोडले तर नळ्या कोरड्या पडून जळतील. म्हणून यंत्र तीन गोष्टी एकत्र पाहते, पातळी किती, वाफ किती चालली आणि पाणी किती चालले. पातळीची काच दोन ठिकाणी बसवलेली असते तीही एवढ्याचसाठी.

हवेचे माप बगॅसला थोडे सैल लागते. धुरात ४ ते ५ टक्के ऑक्सिजन राहिला तर ठीक. धुराड्याकडे पाहून सभासदालाही अंदाज करता येईल. धूर काळा असला तर हवा कमी पडते आहे. पांढरा दाट असला तर भुशात पाणी फार, ती पुष्कळशी वाफच असते. फिक्का, जेमतेम दिसणारा धूर असला म्हणजे भट्टी सुखात आहे. मात्र काहीच दिसत नाही म्हणून सगळे उत्तम असेही नव्हे. गरजेपेक्षा जास्त हवा मारली तरी धूर दिसत नाही आणि उष्णता गुपचूप निघून जाते.

यात सभासदाचे काय?

यात तुमचा सरळ पैशाचा संबंध आहे. १०० टन ऊस गाळला असे धरा. २९ टन बगॅस निघाला. जुन्या पद्धतीच्या कारखान्यात १०० टन उसाला ५२ टन वाफ लागे आणि एक किलो भुशातून दोन किलो वाफ निघे. म्हणजे २६ टन भुसा जळाला. पाऊण टन बारीक भुसा गाळणीसाठी गेला, हाती राहिला दोन टनांच्या वर थोडासा. आता वाफ ४२ टनांवर आणली आणि एका किलोतून २.२ किलो वाफ काढली, तर जळतो सुमारे १९ टन आणि उरतो नऊ टनांच्या आसपास. हा उरलेला भुसा विका, किंवा जास्त दाबाच्या बॉयलरमध्ये जाळून त्याची वीज विका. आपल्या दोन तालुक्यांतील विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन्ही सहकारी कारखान्यांत सहवीजनिर्मिती आहे ती याच हिशेबावर. महाराष्ट्राच्या २०१३ च्या ऊसदर कायद्यात साखरेबरोबर बगॅस, मळी व प्रेसमड यांचे उत्पन्नही ऊसदराच्या हिशेबात धरण्याची तरतूद आहे. तेव्हा भट्टीत उगीच जळालेला भुसा हा तुमच्याच बिलातून जातो.

ओलीचा हिशेबही ऐका. ५० टक्के ओल असलेल्या एक किलो बगॅसमधून उपयोगी पडणारी उष्णता साधारण १,८०० किलोकॅलरी धरतात. ओल दोन टक्क्यांनी उतरून ४८ झाली की ती १,९०० च्या जवळ जाते. म्हणजे पाच टक्के फायदा. रोज १,००० टन भुसा जाळणाऱ्या कारखान्यात हा दिवसाला ५० टन झाला. ओल उतरवणे हे शेवटच्या गिरणीचे काम आहे, पण माती आणि कुजके पाचट यांनी गिरणी बिघडते, ते काम तुमच्या फडात होते. चिखलातून ओढलेली मोळी, वाढे न तोडलेला ऊस, आणि मोळीत लपवलेले दगडधोंडे (असे प्रकार होतात, नाकारण्यात अर्थ नाही) यांचा शेवट भट्टीत आणि नळ्यांवर होतो.

सर्वांत मोठे नुकसान होते ते गव्हाण रिकामी पडल्याने. गॅसचा बर्नर पूर्ण आगीच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत किंवा त्याहूनही खाली सुखाने मंद होतो. भुशाची आग साधारण एक तृतीयांशाच्या खाली नेली की धड जळत नाही, भट्टी थंड पडते, धूर होतो. ऊस थांबला की गिरणी थांबते आणि नवा भुसा येणे बंद होते. पण रस आटवणे, पॅन उकळणे मध्येच सोडता येत नाही, त्यांना वाफ लागतेच. मग यार्डातला साठवलेला भुसा ओढून जाळावा लागतो. उलट गिरणी अचानक थांबली आणि आग वेळेवर उतरली नाही तर दाब वाढून सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. रात्री कारखान्याच्या बाजूने कानठळ्या बसवणारा जो आवाज गावापर्यंत येतो तो हाच. त्या आवाजात शुद्ध केलेले पाणी आणि जाळलेला भुसा दोन्ही आकाशात जातात.

ऊस थांबण्याची कारणे आम्हांला ठाऊक आहेत. अवकाळी पावसाने रस्ते बसतात, टोळीतले कोणी आजारी पडते. आणि आपल्या भागात फडात बिबट्याची पिल्ले सापडली की मादी येऊन नेईपर्यंत तोड थांबवावी लागते, हे तर इतर जिल्ह्यांतल्या इंजिनिअरांना सांगितले तर खरेही वाटत नाही. ही थांबण्याची कारणे टळणारी नाहीत. मात्र टोळी थांबली की तासाभरात गट ऑफिसला किंवा स्लिपबॉयला कळवणे आपल्या हाती आहे. शेतकी खात्याने आम्हांला दोन तास आधी सांगितले की पहाटे गाड्या कमी येतील, तर गिरणीचा वेग आधीच उतरवून आग हळूहळू खाली आणता येते. अचानक कळले तर व्हॉल्व्ह उडतो.

बॉयलर पाहण्याची ज्या सभासदांना इच्छा असेल त्यांनी सुरक्षा खात्यात नाव नोंदवून दिवसपाळीत यावे. सुती कपडे व पायांत बूट असावेत. नायलॉनची साडी किंवा लोंबता पंचा नको. भट्टीच्या छोट्या काचेतून आगीचा रंग पाहता येईल, आणि कंट्रोल रूममध्ये दाबाची रेघ किती सरळ चालली आहे तेही दाखवू.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी आग चढवताना पाळलेलाच संयम उतरवताना पाळावा लागतो. गरम ड्रम एकदम रिकामा करायचा नाही, थंड हवा आत घ्यायची नाही, दाब आपला आपण उतरू द्यायचा. भट्टीतली राख प्रेसमडबरोबर कंपोस्टमध्ये जाते. आणि यार्डाच्या उंच बाजूला बगॅसचा एक ढीग ताडपत्री घालून, पाणी साचणार नाही असा चर काढून, वेगळा ठेवतात. तो विकायचा नसतो. लाकडावर भट्टी वाळली की पुढच्या हंगामाची पहिली वाफ त्याच भुशावर निघते.